दर पोळ्यापर्यंत रिंगणात काळी माती वर येते? रेती मागवण्याआधी हे तपासा

उन्हाळ्यात दोन हायवा (डंपर) रेती पडली, पाटा फिरला, घोड्यांचं रिंगण झकास दिसू लागलं. मृग लागला, आषाढ सरला आणि पोळा येईपर्यंत कडेच्या ट्रॅकवर पुन्हा काळा रेंदा. घोड्याचा पाय घोट्यापर्यंत जातो, नाल निघते, मुलांचा सराव बंद पडतो. दिवाळीनंतर वाळलं की त्याच जागी ढेकळं, आणि मग पुन्हा रेतीवाल्याला फोन. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या काळ्या मातीच्या पट्ट्यात वावराच्या एखाद्या तुकड्यावर ज्यांनी घोड्यांसाठी रिंगण केलं आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांची ही दरवर्षीची तक्रार आहे.

रेती कुठे वाहून जात नाही आणि चोरीलाही जात नाही. ती खाली रुतते आणि माती वर येते. असं होतं कारण रेतीखाली पाणी थांबतं. पाणी थांबणं बंद होत नाही तोवर वरून कितीही रेती टाका, दोन पावसाळ्यांत ती काळ्या मातीत जिरणारच. म्हणून माझं सांगणं एकच आहे: रेतीची ऑर्डर शेवटी द्या. आधी पाणी, मग पाया, मग रेती. हा क्रम उलटा झाला की पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे घोड्याचे पाय जातात.

आधी फावड्याने एक काप घ्या

जिथे सगळ्यात जास्त चिखल होतो तिथे, आणि जिथे कधीच होत नाही तिथे, असे दोन खड्डे करा. हातभर लांब, फूटभर खोल. खड्ड्याची एक बाजू फावड्याने सरळ कापून घ्या आणि उकिडवं बसून नीट बघा. निरोगी जागी थर स्पष्ट दिसतात: वर रेती, खाली गिट्टी किंवा मुरूम, दोघांमधली रेघ सरळ. बिघडलेल्या जागी ती रेघच नसते. वर दोन बोटं मळकट रेती, मग राखाडी काळपट लगदा, त्यात अधूनमधून एखादी गिट्टी अडकलेली, आणि खाली थेट काळी माती. तो लगदा चिमटीत घेऊन थोडं पाणी लावून बोटांत वळा. त्याची शेवयीइतकी बारीक, न तुटणारी वळी झाली तर त्यात चिकणमाती भरपूर आहे. ती आता रेती राहिलेली नाही. चाळूनही ती परत मिळणार नाही.

मग एक सळई घ्या, तिच्यावर २ आणि ३ इंचांवर रंगाच्या खुणा करा आणि सगळ्या रिंगणात दर ५ मीटरला टोचत जा. सळई कडक पायाला टेकली की टणकन कळतं. कुठे दीड इंचावर टेकते, कुठे पाच इंच गेली तरी टेकत नाही. हे आकडे वहीत रिंगणाचा नकाशा काढून त्यावर लिहा. रिंगण कुठे कुठे बिघडलं आहे ते या एका कागदावर दिसतं. मातीकामाच्या ठेकेदाराशी बोलतानाही हाच कागद उपयोगी पडतो, कारण मग तो सगळंच उखडायला सांगू शकत नाही.

पाणी येतं कुठून, हे पावसात उभं राहूनच कळतं

छत्री घ्या, गमबूट घाला आणि जोराच्या पावसात रिंगणावर जा. उन्हात बघून याचं उत्तर मिळत नाही. पाणी तीन वाटांनी येतं: वरून पडणारं, उताराच्या वरच्या अंगाने येणारं आणि कुठे कुठे जमिनीतून वर पाझरणारं.

वरून पडणाऱ्याचा हिशेब सोपा आहे. २० बाय ४० मीटरचं रिंगण म्हणजे ८०० चौरस मीटर, म्हणजे ८ आर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ४० हजार लिटर पाणी झालं. ५ हजार लिटरचे आठ टँकर. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असा दिवस नवलाचा नाही.

पण खरा घोळ बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वाटेचा असतो. रिंगणाच्या वरच्या अंगाला एक एकर वावर असेल, तर त्याच ५० मिलिमीटरच्या पावसात तिथे दोन लाख लिटर पाणी पडतं. ऑगस्टमध्ये जमीन भरलेली असते, त्यातलं निम्मं जरी वाहत आलं तरी लाखभर लिटर तुमच्या रिंगणाकडे निघालं. म्हणजे आभाळातून थेट पडतं त्याच्या अडीचपट. तबेल्याच्या पत्र्याचं पाणीही पुष्कळदा रिंगणाच्याच कोपऱ्यात पडत असतं. पन्हाळ लावून ते दुसरीकडे वळवणं हे सगळ्यात स्वस्तातलं काम, आणि तेच राहून जातं.

तिसरी वाट पूर्व विदर्भातल्या मंडळींनी जास्त लक्षात घ्यावी. भंडारा, गोंदियाकडे धानाच्या बांध्यांमध्ये रिंगण केलं असेल तर चहूबाजूंनी महिना-महिना पाणी उभं असतं. तिथे रिंगण आजूबाजूपेक्षा उंच उचलण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

काळी माती नेमकं काय करते

आपली रेगूर, म्हणजे ही काळी माती, बेसॉल्टच्या झिजेतून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिते तशी फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये वावरात ज्या भेगा पडतात, त्या मीटरभर खोलही जातात. कपाशीला ही माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. घोड्याच्या पायाखाली नेमका तोच गुण नडतो.

चारशे-साडेचारशे किलोचा घोडा दुडकीत चालतो तेव्हा सगळं वजन आळीपाळीने दोन-दोन खुरांवर येतं. खाली माती फुगून मऊ झालेली असली की प्रत्येक टापेला वरची रेती किंवा गिट्टी थोडी आत दाबली जाते आणि दाबाखालचा ओला गाळ फटींतून वर चढतो. ट्रॅकवर, म्हणजे कडेला, हे सगळ्यात जास्त होतं, कारण प्रत्येक घोडा तिथूनच जातो. म्हणूनच मधला भाग बरा आणि कड काळी, असं चित्र सगळीकडे दिसतं.

काळ्या मातीवर कालवे बांधताना हीच अडचण यायची, अस्तर फुटायचं. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी त्यावर बरंच काम केलं आणि काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत रुळवली. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामाला चालतो. रिंगणाला कालव्याइतका जाड थर लागत नाही, पण तत्त्व तेच.

आणखी एक, खारपाणपट्ट्यातल्यांसाठी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या ज्या भागात जमिनीत सोडियम जास्त आहे, तिथे ओली माती जास्तच विरघळल्यासारखी होते आणि पाणी खाली जवळजवळ जातच नाही. तिथे 'पाणी मुरेल' या भरवशावर काहीही करू नका. पाणी बाजूला काढूनच द्यावं लागेल.

या गोष्टी टाकू नका

चिखल झाला की हाताशी असेल ते टाकायची इच्छा होते, मला कळतं. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, धानाचा कोंडा, लाकडाचा भुसा: पहिले चार दिवस बरं वाटतं, चिखल शोषला जातो. मग ते कुजतं, त्याचा निसरडा थर होतो आणि तो थर पाणी धरून ठेवतो. दुडकीत वळताना घोडा घसरला तर काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर या भागात औष्णिक केंद्रांची राख सहज मिळते. तीही रेतीत मिसळू नका. ती इतकी बारीक असते की पावसात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ, दोन्ही वाढतात. ती धूळ घोड्याच्या आणि शिकणाऱ्या मुलांच्या फुप्फुसात जाते.

शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक उरलेलं असतं म्हणून ते रेतीखाली अंथरलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. माती वर येऊ नये हा हेतू बरोबर, पण हे प्लास्टिक पाणीही खाली जाऊ देत नाही. रिंगण परातीसारखं भरतं. शिवाय नालेने ते फाटतं आणि त्याची टोकं रेतीतून वर येतात, त्यात पाय अडकतो. तिथे लागतं ते जिओटेक्स्टाईल नावाचं कापड, नॉन-वोव्हन म्हणजे न विणलेल्या प्रकारचं, साधारण २०० ते २५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). ते पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं.

धुळीसाठी जळकं ऑइल शिंपडणं तर पूर्ण बंद करा. ते खुरांना, कातडीला लागतं आणि विहिरीच्या पाण्यात उतरतं.

पूर्ण दुरुस्ती परवडत नसेल तर यंदा एवढं तरी

वरच्या अंगाला, रिंगणापासून दोन मीटर सोडून, एक चर काढा. दीड-दोन फूट खोल, आणि तिला नाल्याकडे सलग उतार. निघालेली माती रिंगणाच्या बाजूला टाकून तिचा धुरा करा. खालच्या शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या, कारण चरीचं पाणी कुणाच्या तरी वावरात जाणारच. पाणी नाल्यापर्यंत नेऊन सोडलं तर भांडणाचं कारण उरत नाही.

मग रिंगणाची कड बघा. रेती बाहेर जाऊ नये म्हणून विटांची किंवा फरशीची सलग कड सिमेंटात बांधलेली असते, आणि तीच पाणी अडवते. उताराच्या बाजूला दर दोन-तीन मीटरला कडेत खालपर्यंत वीतभर फट पाडा. फटीत जाड गिट्टी भरा, म्हणजे पाणी जाईल आणि रेती अडेल. वर्षानुवर्षं पाटा फिरवून कडेला रेतीची आणि लिदीची वरंब तयार झालेली असते, तीही फोडा. पुष्कळ रिंगणांत पाणी थांबण्याचं कारण ही वरंबच असते, आणि दोन माणसं दाताळं घेऊन एका सकाळी ती काढून टाकू शकतात.

एवढ्याने काळी माती वर येणं पूर्ण थांबणार नाही. पण पाऊस उघडल्यावर रिंगण जिथे आठवडाभर बंद राहायचं, तिथे ते बरंच लवकर वापरता येईल.

पाया पुन्हा करायचा असेल तर

हे काम संक्रांतीनंतर सुरू करा आणि घाई करू नका. वरची मिसळलेली रेती-माती काढून बाजूला टाका. ती घोड्यांच्या वाटांवर, तबेल्यासमोर कामी येते, रिंगणात परत नको. खालची काळी माती निदान दीड फूट काढता आली तर काढा. काढणं परवडत नसेल तर निदान वरचा सैल थर खरवडून, पाणी मारून रोलरने दाबून, त्यावर उंच मुरमाचा ओटा करा. कसंही केलं तरी काम झाल्यावर रिंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर तरी वर हवं.

मुरूम निवडताना हातात घेऊन बघा. पिवळट-तांबूस, दाणेदार, ओला करून दाबला की बसणारा, पण बोटांना चिकटून न राहणारा मुरूम चांगला. मातीचा मुरूम स्वस्त मिळतो, पण पहिल्याच पावसात तो मऊ पडतो. सहा-सहा इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी मारा, प्रत्येक थर रोलरने बसवा. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा पापुद्रा बसतो. मुरूम हे गौण खनिज आहे, तहसीलची परवानगी आणि वाहतुकीचा पास बघूनच घ्या. रेतीचंही तेच.

उतार मुरमातच धरायचा, हे या सगळ्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा. पुष्कळ जण पाया सपाट करतात आणि रेतीने उतार देतात. मग रेती एका बाजूला दोन इंच, दुसऱ्या बाजूला सहा इंच, आणि घोडा प्रत्येक फेरीत उथळातून खोलात, खोलातून उथळात जातो. उतार १ टक्का पुरे, २ च्या वर नको, नाहीतर रेती वाहते. २० मीटर रुंदीला एका बाजूने उतार दिला तर १ टक्क्याला २० सेंटिमीटर म्हणजे ८ इंचांचा फरक पडतो. मध्ये उंच ठेवून दोन्हीकडे उतार दिला तर प्रत्येक बाजूला १० सेंटिमीटर. माझी पसंती एका बाजूच्या उताराला आहे, कारण मग चर एकच सांभाळावी लागते आणि घोड्याला मधली उंची जाणवत नाही.

लेव्हल काढायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याची पाण्याची नळी, चार खुंट्या आणि दोरी पुरते. नळीत बुडबुडा राहिलेला नाही हे मात्र प्रत्येक वेळी बघा. दोघांनी दोन टोकं धरायची, पाणी हलायचं थांबलं की खुंटीवर खूण करायची, आणि खूण झाल्याशिवाय कुणीही नळी खाली करायची नाही.

शक्य असेल तर मुरमाचा ओटा एक पावसाळा तसाच पडू द्या. खालची काळी माती ओली होऊन एकदा फुगेल, वाळून आकसेल, ओटा जिथे बसायचा तिथे बसेल. पावसात जिथे डबकी दिसतील त्या जागांवर चुन्याने गोल करा. दिवाळीनंतर तेवढ्या जागा खरवडून, मुरूम भरून, पुन्हा दाबा. एक हंगाम रिंगणाशिवाय काढणं जड जातं, पण गिट्टी आणि रेती पडल्यावर खालची डबकी दुरुस्त करायला गेलं तर सगळंच उपसावं लागतं.

मग जिओटेक्स्टाईल, पट्ट्यांचा एकमेकांवर फूट-दीड फूट चढाव ठेवून. त्यावर चार ते सहा इंच गिट्टी, दाबलेली. गिट्टीवर दीड-दोन इंच क्रशरची चुरी, पाणी मारून रोलरने घट्ट. चुरी गिट्टीच्या फटी बुजवते आणि रेतीला सपाट बैठक देते. हीच चुरी काही जण वरचा थर म्हणून वापरतात. त्यांनी ते थांबवावं, कारण उन्हाळ्यात ती दगड होते आणि सांध्यांना मार बसतो.

सगळं झाल्यावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने संपूर्ण रिंगणावर हळू फिरवा. टायरखाली पाया हलला किंवा खूण राहिली तर ती जागा अजून तयार नाही. रेती टाकण्याआधीची ही शेवटची संधी.

काळी माती काढणं अजिबात शक्य नसेल तर वरच्या थरात चुना मिसळून ती बांधता येते, रस्त्यांच्या कामात हे करतात, साधारण वजनाच्या ३ ते ६ टक्के. पण प्रमाण मातीच्या तपासणीनंतरच ठरवावं, मिसळणं एकजीव व्हावं लागतं, आणि काम चालू असताना घोडे, मुलं, मजूर यांच्या डोळ्यांना-त्वचेला चुना भाजतो. जाणता ठेकेदार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता रेती

२० बाय ४० मीटरच्या रिंगणाला एका इंचाला ७ ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी जास्त रेती लागते. दोन इंचांना साडेचौदा, तीन इंचांना साडेएकवीस ब्रास. सुरुवात दोन इंचांनी करा. महिना-दोन महिने घोडे चालवा, मग लागेल तशी अर्धा-अर्धा इंच वाढवा. फ्लॅटवरच्या, म्हणजे उड्यांशिवायच्या कामाला अडीच इंच पुरतात. उड्या मारायच्या असतील तर तीन, फार तर चार. टाकलेली रेती काढणं कुणी करत नाही, म्हणून कमीपासून सुरू करणं शहाणपणाचं.

जास्त रेतीचं नुकसान लोकांना पटत नाही, कारण मऊ जमीन बघायला बरी वाटते. खोल रेतीत पाय ओढताना पायाच्या मागच्या शिरांवर (कंडरांवर) ताण येतो, त्या सुजतात, आणि एकदा दुखावलेली शीर पुष्कळदा आयुष्यभर कमजोर राहते. आमच्याकडच्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, एकदा एका कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "त्या कोपऱ्यात घोडी पाय जपते जी." सळई टोचली तर तिथे पाच इंच. घोडीला ते आमच्या आधी कळलं होतं. तुमचा घोडा ठरावीक जागी पाऊल आखडत असेल, तर हट्ट समजून टाच मारण्याआधी तिथे सळई टोचून बघा.

रेती कशी हवी? धुतलेली, मध्यम ते जाड, कठीण दाण्याची, आणि दाणा शक्यतो कोनदार. कन्हान, वैनगंगेची रेती चांगली, पण नदीत घासून गोलसर झालेला दाणा टापेखाली सरकतो. म्हणून मी नदीची रेती आणि धुतलेली क्रश सँड मिसळून घेण्याच्या बाजूचा आहे: कोनदार दाणे एकमेकांना धरतात. प्लास्टरची रेती फार बारीक, ती धूळ होते. काँक्रीटच्या रेतीत गोटे येतात. ती ५ मिलिमीटरच्या आसपासच्या चाळणीतून काढल्याशिवाय टाकू नका, कारण खुराच्या तळव्याला एक गोटा लागला तरी घोडा लंगडतो.

गाडी रिकामी करायच्या आधी बाटलीची परीक्षा घ्या. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत अर्ध्याच्या थोडी खाली रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवा आणि दोन-तीन तास न हलवता ठेवा. खाली रेती बसते, तिच्यावर गाळाचा वेगळा थर. रेतीची उंची १० सेंटिमीटर असेल आणि गाळाचा थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसला, तर ती रेती परत पाठवा. त्यासाठी आदल्या दिवशी नमुना मागवणं चांगलं, म्हणजे दारात गाडी उभी करून वाद होत नाहीत. पावसाळ्यात नदीवरचे रेतीघाट बंद असतात आणि दिवाळीनंतर मागणी वाढते, हे धरून बोलणी आधीच करून ठेवा.

रोजची निगा

लीद लगेच उचला. ती वाळून, तुडवून भुगा होते आणि तोच भुगा पुढे पाणी धरतो. पाट्याची दिशा बदलत राहा, एकदा लांबीने, एकदा आडवी, एकदा तिरपी. कडेला सरकलेली रेती आधी दाताळ्याने हाताने ट्रॅकवर आणा, मगच पाटा. पाट्याचे दात पायाच्या वर निदान अर्धा इंच राहिले पाहिजेत. रोटाव्हेटर किंवा कल्टिव्हेटर रिंगणात कधीच नको. एकदा चुरीचा थर फाटला की काळ्या मातीला वर यायला वाट मिळाली. रिंगण पूर्ण ओलं असताना पाटाही फिरवू नका. घोडे रिंगणात मोकळे सोडून देणंही टाळा, ते फाटकाशी उभे राहून तिथेच खड्डा करतात. चारा-दाणा तर रेतीवर मुळीच टाकू नका, कारण चाऱ्यासोबत रेती पोटात जाते आणि त्याने पोटशूळ होतो.

घोडा कशावर चालतोय हे टापेच्या खुणेवरून समजतं. नालेची कड स्पष्ट उमटलेली आणि खूण इंचभराच्या आत, म्हणजे ठीक. फक्त ओरखडा दिसला तर जमीन कडक. टोकाकडे खड्डा आणि मागे ढीग, म्हणजे खोल.

चैत्र-वैशाखात पाण्याचं गणित

रेतीला ओल लागतेच, ती ओलीनेच धरून राहते. मूठभर रेती दाबा: लाडू होऊन बोट लावताच फुटला तर ओल बरोबर. लाडूच झाला नाही तर कोरडी, पाणी निथळलं तर जास्त. ८०० चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे ८०० लिटर, तेव्हा ५ हजार लिटरच्या टँकरमध्ये सहा मिलिमीटर बसतात. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्याही वर जातं. म्हणजे दुपारी मारलेलं पाणी फुकट गेलं. रात्री उशिरा मारा, रेतीला ते खालपर्यंत प्यायला वेळ द्या, आणि पहाटे घोडे काढा. टंचाईच्या गावात सगळं रिंगण भिजवण्याचा हट्ट धरू नका. ट्रॅक आणि एक वर्तुळ भिजवा, बाकीचं राहू द्या, आणि त्या दिवसांत काम साध्या चालीवरच ठेवा. खारं पाणी रोज मारणं टाळा, ते खुरांना आणि लोखंडी साहित्याला वाईट.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते वरच्या अंगाच्या चरीत आणि पत्र्याच्या पन्हाळीत घाला, मृग लागायच्या आधी. दोन गोष्टींपुरते असतील तर दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅकचा तीन मीटर रुंदीचा पट्टा उखडून त्याखाली जिओटेक्स्टाईल आणि गिट्टी. पट्टा उताराकडे उघडा ठेवा, नाहीतर त्यातच पाणी साचेल. मधला भाग जुना राहिला तरी चालतो. रेतीचे पैसे पुढच्या वर्षी.